‘पुढे काय?’ हा प्रश्न एकट्या घराचा नाही

दिवाळीत वऱ्हाडातल्या कोणत्याही घरी जा. फराळाची ताटली पुढे आली की पाहुणा घरच्या मुलाकडे वळतो आणि विचारतो, “काय मग, पुढे काय करायचं ठरवलं?” मुलगा चकलीकडे पाहत राहतो. आई त्याच्या वतीने काहीतरी सांगते. वडील घसा खाकरून कापसाच्या भावाचा विषय काढतात. प्रश्न जुनाच आहे. काळाबरोबर बदलली ती उत्तरे. एके काळी ‘डीएड करतो’ हे उत्तर होते, मग ‘इंजिनियरिंग’ आले, आता ‘नीटची तयारी चालू आहे’ किंवा ‘स्पर्धा परीक्षा देतो आहे’ असे सांगितले जाते.

या सर्व उत्तरांत एक गोष्ट समान आहे. ती मुलाने स्वतः शोधलेली नसतात. शेजारच्या मुलाने जे केले ते आपल्या मुलाने करावे, एवढाच विचार पुष्कळदा त्यांच्यामागे असतो. यात आईबापांस दोष देण्याचे कारण नाही. त्यांना दुसरे सांगणार कोण? लग्न जमवायचे तर मध्यस्थ आहे, घर बांधायचे तर कंत्राटदार आहे, जमिनीचा वाद असला तर वकील आहे. मुलाने आयुष्यभर काय करावे, हे विचारायला मात्र गावात एक दार नाही. या सदरात आज आपण त्या दाराविषयीच बोलू.

एक उदाहरण घ्या. मूर्तिजापूरकडचा मुलगा, बापाची तीन एकर कोरडवाहू शेती. दहावीला सत्तर टक्के पडले. कोणाचा मोटारपंप बिघडला की गाव याला हाक मारते. विजेच्या कामात त्याचा हात चालतो. त्याने अकरावीला कला शाखा घेतली, कारण कॉलेज एसटीच्या रस्त्यावर होते आणि मित्र तिकडे चालले होते. मग बी. ए. झाला. मग पोलीस भरतीसाठी पहाटे धावू लागला. एकदा उंचीत गेला, एकदा लेखीत गेला. आज तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि लोक त्याच्या बापास विचारतात, “पोरगं काय करते जी?” बाप म्हणतो, “अभ्यास करून राह्यला.”

या मुलास सोळाव्या वर्षी कोणी शांतपणे सांगावयास हवे होते की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करून महावितरणसारख्या ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतनावर काम शिकता येते. आणि पुढे शिकावेसे वाटले तर आयटीआय झालेल्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आयटीआय ही शिक्षणाची अखेर नव्हे, ती एक बाजूची वाट आहे आणि ती पुन्हा हमरस्त्याला मिळते. एवढी चार वाक्ये त्याला सांगणारा कोणी भेटला नाही. त्या चार वाक्यांची किंमत दहा वर्षे झाली.

मधल्या वाटेवर कोणी नाही

कोणाच्या तरी अंगावर ढकलून मोकळे होण्यापूर्वी जबाबदारी कशी वाटली गेली आहे ते पाहावे. अमरावतीत महापालिका १९८३ साली झाली, अकोल्यात २००१ साली. ज्या १९४९ च्या कायद्याने त्यांचा कारभार चालतो, त्यात प्राथमिक शाळा चालविणे हे महापालिकेचे बंधनकारक काम आहे. वाचनालयांसारखी कामे ऐच्छिक आहेत, म्हणजे केली तर चांगले. ग्रामीण भागात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या; त्यांचाही मुख्य भार प्राथमिक शाळांचाच. दहावीची परीक्षा घेते राज्य मंडळ. अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे आहेत. निकाल लागला की मुलगा मंडळाच्या हातून सुटतो. पुढे आयटीआय एका खात्याकडे, तंत्रनिकेतन दुसऱ्याकडे, कृषी पदविका कृषी विद्यापीठाकडे, परिचारिकेचे शिक्षण आणखी कोठे.

प्रत्येक खिडकीवर माणूस आहे, नाही असे नाही. पण कोणत्या खिडकीपुढे उभे राहावे, हे सांगणारा माणूस कोणत्याच खिडकीवर नाही. तेरा ते वीस या वयातले मूल, ज्या वयात आयुष्याला वळण लागते, नेमके त्याच वयात सार्वजनिक व्यवस्थेत कोणाचेच नसते. ते फक्त घराचे असते. आणि घराजवळ माहिती नसेल तर ते शिकवणीवर्गांच्या जाहिरातींचे होते. अकोल्यात तर शिकवणीवर्गांची मोठी बाजारपेठच उभी राहिली आहे. तेथे मुलाला रस्ता दाखविणारा पुष्कळदा स्वतःच त्या रस्त्यावरचा दुकानदार असतो. आपल्याकडची शिकवणी या मुलाला मानवणारी नाही, असे तो सांगेल ही अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही.

कार्ड आणि त्याचे काय झाले

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ‘एम्प्लॉयमेंटचे कार्ड’ आठवत असेल. ते काढायला रांग, त्याचे नूतनीकरण करायला पुन्हा रांग आणि मग ‘कॉल’ची वाट पाहणे. ही केंद्रे १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, सैन्यातून परतणाऱ्यांस काम लावून देण्यासाठी निघाली. १९४८ मध्ये ती सर्वांस खुली झाली. नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा केंद्रास कळविणे मालकांवर बंधनकारक केले. मात्र केंद्राने पाठविलेल्यांतूनच माणूस घेतला पाहिजे, असे त्या कायद्यात नव्हते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरती केवळ केंद्राच्या यादीपुरती ठेवू नये, वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्यावी. ते न्यायाचेच होते, पण त्यामुळे कार्डाचे उरलेसुरले वजनही घटले.

पाट्या बदलत राहिल्या. रोजगार विनिमय केंद्राचे रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र झाले आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांत ‘कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ अशी लांब पाटी आहे. १९५९ चा तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि तीत या केंद्रास ‘करिअर सेंटर’ म्हटले आहे. नावात ‘मार्गदर्शन’ आले ही चांगली गोष्ट झाली. पण अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या किती आयांना हे केंद्र कोणत्या रस्त्यावर आहे ते सांगता येईल? तहसील कचेरी सर्वांना ठाऊक असते, कारण तेथे गेल्याशिवाय काम अडते. मार्गदर्शन केंद्रावाचून कोणाचे काही अडत नाही, अशी समजूत आहे. अडते ते दहा वर्षांनी कळते.

सरकारने प्रयत्न केले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुदलियार आयोगाने १९५२–५३ साली आणि कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये शाळाशाळांतून व्यवसाय मार्गदर्शन असावे असे सांगितले. शिक्षकांतूनच ‘करिअर मास्टर’ तयार करावे, अशीही कल्पना निघाली. २०१६ साली राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली; मुलाचा ओढा शेतीकडे, ललित कलांकडे, तांत्रिक कामाकडे की गणवेशाच्या नोकरीकडे, हे तीवरून पाहावयाचे होते. काही वर्षांनी ती बंद पडली. २०२० मध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी ‘महाकरिअर पोर्टल’ निघाले. २०२३ च्या उन्हाळ्यात राज्याच्या २८८ विधानसभा मतदारसंघांतून छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने युवाशक्ती करिअर शिबिरे भरविण्याचे ठरले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला ग्रामीण भागासाठी ५११ कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली; बारावी झालेल्यास महिना सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन, आरंभी सहा महिन्यांसाठी. पुढे मुदत वाढली, पण ती संपल्यावर प्रशिक्षणार्थ्यांच्या तोंडी पुन्हा तोच प्रश्न आला: पुढे काय?

या साऱ्यांत उणीव कोठे आहे? चाचणी कल सांगते, पण कल कळल्यावर घरची परिस्थिती, गावापासूनचे अंतर, फी आणि मुलाचे मन यांची मोट बांधून देत नाही. शिबिराचा मंडप एका दिवसाचा असतो. मुलाचा पेच वर्षभराचा असतो. संगणकावरची माहिती खरी असते, पण तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. मुलाला हवा असतो एक माणूस, जो आज भेटेल आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेले तरी तेथेच बसलेला असेल.

वऱ्हाडाचाच धडा

स्थानिक संस्थांनी यात काय करावे, असे विचारले की लोक पैशाची अडचण पुढे करतात. त्यांनी वऱ्हाडाचाच इतिहास आठवावा. पापळसारख्या खेड्यातून आलेले पंजाबराव देशमुख विलायतेत शिकून परतले आणि १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. शिक्षण आणि सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करणे, ही त्या काळातली त्यांची कामे आजही सांगितली जातात. खेड्यातल्या मुलास शहरात राहायला जागा नाही, म्हणून तो शिकत नाही, हे त्यांनी ओळखले आणि सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय उघडले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. मुलगा कोठे अडतो ते आधी पाहावे आणि तेथेच हात द्यावा, एवढे साधे त्यांचे सूत्र होते. त्या काळी मुलगा राहण्याच्या जागेपाशी अडत होता. आज तो माहितीपाशी अडतो.

अकोल्याची कथा अधिक कठोर आहे. विदर्भाला कृषी विद्यापीठ हवे म्हणून १९६७ साली येथे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ झाले आणि पुढे त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. ज्या संस्थेसाठी रक्त सांडले, तिच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना तिथे दहावीनंतरही शिकता येते, बियाणे, रोपवाटिका, दूध, फळप्रक्रिया यांत पोट भरण्याजोगी कामे आहेत, हे ठाऊक नसते. तिकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत. २० सप्टेंबर २०२४ रोजी एक हजार एकरांच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. पऱ्हाटी वेचणाऱ्या हातांच्या या जिल्ह्यात दहावीच्या किती वर्गांना सूतगिरणी आतून दाखविली गेली? यंत्र दुरुस्त करणारा, रंग मिसळणारा, मालाची पारख करणारा अशी किती माणसे तेथे लागतात, हे मुलांस दिसले तरच त्यांच्या मनात ती वाट उमटेल. न दिसलेली वाट कोणी निवडीत नाही.

बाहेर काय घडले

अमेरिकेत बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने १९०८ साली तरुणांसाठी व्यवसाय सल्ला केंद्र काढले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आधी स्वतःला ओळखा, मग कामाची माहिती घ्या आणि दोहोंचा नीट मेळ घाला. आजवर या शास्त्रात पुष्कळ भर पडली, पण पाया हाच राहिला.

इंग्लंडचा अनुभव आपणांस अधिक उपयोगी आहे. तेथे १९१० च्या कायद्याने स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांना मुलांस काम निवडण्यास मदत करण्याची मुभा मिळाली. १९७३ च्या कायद्याने ती मुभा कर्तव्य झाली. पुढे १९९३ च्या कायद्याने हे काम त्यांच्याकडून काढून बाहेर देण्याचा मार्ग खुला झाला. २००१ पासून ‘कनेक्शन्स’ या नावाने तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी सल्लागार नेमले गेले. सप्टेंबर २०१२ पासून ही जबाबदारी शाळांवर टाकण्यात आली. पुढच्याच वर्षी तेथील संसदेच्या शिक्षण समितीने या निर्णयाबद्दल खेद व्यक्त केला, कारण काम सोपविले गेले, पण त्यासाठी पैसा सोपविला गेला नाही. काम एकाचे, पैसा दुसऱ्याकडे आणि जाब कोणालाच नाही, असे झाले की कोणतीही सेवा सुकते. फिनलंडने उलट वाट धरली. तेथे तीस वर्षांखालील तरुणांसाठी एकाच छताखाली नोकरी, शिक्षण, घर आणि मनाच्या अडचणी या सर्वांविषयी बोलण्याची केंद्रे गावोगाव निघाली.

महापालिकेला मागायचे काय?

फिनलंडएवढा पैसा आपल्याजवळ नाही. पण जे आहे त्यातून पुष्कळ करता येईल. प्रत्येक अभ्यासिकेत किंवा वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल आणि एक जाणता माणूस असावा. तो निवृत्त मुख्याध्यापक असेल, आयटीआयचा निदेशक असेल, बँकेतला कोणी असेल. त्याला थोडे मानधन आणि थोडे प्रशिक्षण द्यावे. जिल्हा मार्गदर्शन केंद्राने महिन्यातून एकदा आपला माणूस तेथे पाठवावा. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम पाहण्यासाठी सांगितले आहेत. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी ते दहा दिवस सहलीत न घालविता खरोखर कामाच्या जागी घालवावेत. आणि जेथे अंतर मोठे, तेथे केंद्रच चालत जावे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाने एका सल्ल्यासाठी मेळघाट उतरून अमरावतीस यावे आणि साहेब दौऱ्यावर आहेत हे ऐकून परत जावे, याला सेवा म्हणता येणार नाही.

२०२२ पासून काही वर्षे दोन्ही महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. नगरसेवक नसल्यावर नागरिकाने विचारायचे कोणाला, ही तक्रार त्या काळी खरी होती. पण रस्ते, नाल्या आणि दिवे यांसाठी आपण मोर्चे काढतो. मुलांसाठी एक टेबल मागायला किती जण गेलो? न मागितलेली गोष्ट अंदाजपत्रकात येत नाही.

घरात काय करता येईल?

टेबल येईपर्यंत घराने हात बांधून बसू नये. पहिली गोष्ट, कागद. जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी ही कामे निकालानंतर काढू नयेत. दिवाळीच्या सुट्टीतच ती हाती घ्यावीत. गुण असून कागदापायी हुकलेली जागा परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट, सवलतींची माहिती. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांस सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. आपल्या मुलीला याची गरज नसेलही. पण आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला असेल. तिला हे सांगायला पाच मिनिटे लागतात.

तिसरी गोष्ट, मुदत ठरविणे. स्पर्धा परीक्षा वाईट नाहीत; त्यांतून चांगली माणसे गेली आहेत. पण राज्यसेवेसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा अडतीस आणि मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस आहे, म्हणून तितकी वर्षे थांबलेच पाहिजे असे नाही. दोन वा तीन प्रयत्न, आणि त्याच वेळी हाताला दुसरे एखादे कौशल्य, असा करार मुलाशी प्रेमाने, बसून, आधीच करावा. ‘नीट’ची पुन्हा तयारी करणाऱ्या मुलासही हेच लागू आहे. तिसऱ्या वर्षी हरलेल्या मुलाला उपदेश नको असतो. दुसरे दार उघडे आहे एवढी खात्री हवी असते. या जिल्ह्यांतल्या शेतकरी घरांनी निराशेची किंमत किती मोजली, ते आपण रोजच्या पत्रात वाचतो. तरुणाच्या मनात तीच निराशा चोरपावलांनी येते.

आणि चौथी गोष्ट, ऐकणे. मुलास काय आवडते हे विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ थांबावे. मोटारपंप दुरुस्त करणारा मुलगा तोंडाने काही सांगत नाही. त्याचे हात सांगत असतात.

दिवाळीनंतर थोड्याच महिन्यांत महापालिकांची अंदाजपत्रके तयार होऊ लागतील. आपल्या प्रभागातल्या दहा घरांनी मिळून एक साधा अर्ज लिहावा: आमच्या भागातल्या अभ्यासिकेत मुलांसाठी मार्गदर्शनाचे एक टेबल, आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्षभर. खाली दहा सह्या. तो अर्ज घेऊन नगरसेवकाकडे जावे आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.